अनुमतीचा त्याग : निवृत्तिकाळाच्या नियोजनाविषयी एक विचार

सेवानिवृत्तीच्या नियोजनाचा विचार आज बहुतेक घरांत निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, आरोग्यविमा आणि राहते घर या बाबींभोवती फिरतो आणि तो तसा फिरणे स्वाभाविकही आहे. परंतु हे सर्व हिशेब जुळल्यानंतरही अनेक घरांत निवृत्तीचा काळ कडवट का होतो, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. खानदेशात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे पाहता येतो, कारण येथे दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे शेजारी शेजारी वार्धक्यात प्रवेश करतात. भुसावळचा रेल्वे विभाग, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, एसटी, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि धुळे-जळगावची शासकीय कार्यालये यांतून निश्चित तारखेला निवृत्त होणारा नोकरदार वर्ग एकीकडे आहे. तर रावेर-यावलचा केळी उत्पादक आणि शिरपूर-शिंदखेड्याचा कापूस उत्पादक शेतकरी, ज्याच्या आयुष्यात निवृत्तीची तारीखच नाही, तो दुसरीकडे आहे. पहिल्याला काम सोडावे लागते, दुसऱ्याला ते सोडता येत नाही. आणि तरीही दोघांच्या घरातील तक्रारी आश्चर्यकारकरीत्या सारख्या असतात. यावरून असा तर्क करता येतो की निवृत्तीचे खरे दुखणे काम सुटण्यात किंवा न सुटण्यात नाही, ते दुसऱ्याच कशात तरी आहे. ते कशात आहे हे शोधताना भारतीय धर्मविचारातील, आणि त्यातही खानदेशाच्या भूमीशी जोडलेल्या विचारातील, काही सामग्री फार उपयोगी पडते.

आर्थिक बाजू थोडक्यात सांगून बाजूला ठेवणे सोयीचे होईल. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे नियत वयोमान ५८ वर्षे, तर चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांचे ६० वर्षे आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही आणि त्याविरुद्धच्या असंतोषातून मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप घडला. खासगी व सहकारी क्षेत्रातील कामगारांसाठी १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे, परंतु तिच्यातील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १००० रुपयेच राहिले. ज्याच्या हाती दरमहा एवढीच रक्कम येते, त्याला वैराग्याचा उपदेश करणे अशोभनीय आहे. म्हणून पुढील विवेचन दारिद्र्याला पर्याय म्हणून वाचले जाऊ नये. पोटाचा प्रश्न सुटल्यानंतर जो प्रश्न उरतो, त्याचा हा विचार आहे.

या प्रश्नावर पहिले उत्तर म्हणून नेहमी आश्रमव्यवस्थेकडे बोट दाखवले जाते. आश्रम म्हणजे आयुष्याचा एक विहित जीवनक्रम. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास असे त्याचे चार प्रकार मानले गेले. निवृत्त माणसाने ‘वानप्रस्थी’ व्हावे, असे सत्कार समारंभांत हटकून सांगितले जाते, मात्र सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ ग्रंथांतील मतभेदांचा विचार केलेला असतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले आहे की आश्रमांच्या परस्परसंबंधाविषयी प्राचीन ग्रंथकारांचे तीन पक्ष होते. चारही आश्रम एकामागून एक आचरावेत हा समुच्चयपक्ष. ब्रह्मचर्यानंतर हवा तो आश्रम निवडावा हा विकल्पपक्ष. आणि वास्तविक गृहस्थाश्रम हाच एक आश्रम आहे, इतर गौण आहेत, असे मानणारा बाधपक्ष. गौतमाच्या धर्मसूत्रात या शेवटच्या मताचा स्पष्ट उल्लेख येतो, तर जाबालोपनिषद वैराग्य येईल त्या दिवशी बाहेर पडण्याची मुभा देते, म्हणजे वयाची अटच काढून टाकते. पुढे मध्ययुगात तर वानप्रस्थाची गणना कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात करू नये अशा आचारांत, झाली. तेव्हा वनात जाणे हा परंपरेचा एकमुखी आदेश होता, ही समजूत टिकत नाही.

अधिक लक्षणीय गोष्ट मनुस्मृतीतच आहे. सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवंड दिसू लागले की वनात जावे, हा सहाव्या अध्यायातील विधी सर्वांना ठाऊक असतो. परंतु चौथ्या अध्यायाच्या अखेरीस वेगळी वाट सांगितली आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे फेडून झाल्यावर सर्व कारभार मुलाकडे सोपवावा आणि घरातच मध्यस्थ वृत्तीने, म्हणजे कोणत्याही बाजूचा आग्रह न धरता, राहावे. सहाव्या अध्यायाच्या अखेरीस ‘वेदसंन्यासिक’ नावाच्या माणसाचे जे वर्णन येते, त्यातही तो घर सोडत नाही. तो मुलाच्या सत्तेखाली सुखाने राहतो. मुलाच्या सत्तेखाली सुखाने राहणे ही वनवासाहून कठीण साधना आहे, हे कोणत्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. अर्थात हा ग्रंथ ज्या समाजाला उद्देशून लिहिला गेला तो द्विज पुरुषांचा होता, आणि इतरांना त्याने काय दिले व काय नाकारले हा इतिहास विसरून त्याचा आधार घेता येत नाही. येथे त्याचा उपयोग एवढ्यापुरताच की निवृत्तीचा गाभा स्थलांतरात नसून सत्तांतरात आहे, ही जाणीव त्या काळीही होती.

हीच जाणीव जैन परंपरेने अधिक काटेकोरपणे मांडली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या व्यापारी जीवनात जैन समाजाचे स्थान मोठे असल्याने ही मांडणी या भागाला परकी नाही. जैन आचारशास्त्रात गृहस्थाला श्रावक म्हणतात आणि त्याच्या क्रमिक उन्नतीच्या अकरा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांना प्रतिमा अशी संज्ञा आहे. दिगंबर आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचार या ग्रंथात त्यांचा क्रम दिला आहे. सम्यक् श्रद्धेपासून सुरू होऊन व्रते, सामायिक, उपवास, आहाराचे नियम आणि ब्रह्मचर्य अशा सात पायऱ्या चढल्यावर आठवी प्रतिमा येते ती आरंभत्यागाची. आरंभ म्हणजे ज्यात जीवहिंसा अटळ असते असा उपजीविकेचा उद्योग, आणि त्यात सेवा, कृषी व वाणिज्य यांचा नावानिशी समावेश आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर नोकरी, शेती आणि दुकान. नववी प्रतिमा परिग्रहत्यागाची, म्हणजे मालमत्तेवरील ममत्व सोडण्याची. दहावी अनुमतित्यागाची. या पायरीवरील श्रावक घरातच राहतो, पण उद्योग, संपत्ती आणि इतर ऐहिक बाबींत संमती वा असंमती देणे थांबवतो. अकराव्या पायरीवर तो घर सोडतो आणि आपल्यासाठी मुद्दाम रांधलेले अन्नही नाकारतो.

या क्रमात जे मानसशास्त्र दडलेले आहे ते थक्क करणारे आहे. सामान्य समजूत अशी की माणसाला पैसा सोडणे सर्वात जड जाते. येथे मात्र पैसा नवव्या पायरीवरच सुटतो आणि त्याहून वरची, म्हणून अधिक दुष्कर, पायरी ‘माझे मत विचारले जावे’ ही अपेक्षा सोडण्याची ठेवली आहे. काम सुटले, मालकी सुटली, तरी अनुमती द्यायचा हक्क माणूस घट्ट धरून ठेवतो, किंबहुना आधीचे दोन सुटल्यामुळे तो अधिकच घट्ट धरतो. निवृत्त मुख्याध्यापक शाळेच्या नव्या वेळापत्रकावर टिप्पणी करतो, निवृत्त रेल्वे कर्मचारी सुनेच्या भाजी चिरण्याची पाळी लावू पाहतो, आणि दोघांनाही आपण मदतच करीत आहोत असे मनापासून वाटत असते. सल्ला हा सत्तेचा शेवटचा अवशेष असतो, आणि तो प्रेमाच्या वेषात वावरत असल्यामुळे ओळखू येत नाही.

शेतकऱ्याच्या घरात हे चित्र अधिक ठळक होते. केळीच्या पट्ट्यात मृगबाग लावायची की कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लागवड करायची की पावसाळा सरल्यावर, कंद वापरायचे की ऊतीसंवर्धित रोपे, व्यापाऱ्याला माल कधी कापू द्यायचा, हे निर्णय केवळ शेतीचे नसतात. घरात कर्ता कोण आहे हे त्यांतून ठरत असते. सातबारा वडिलांच्या नावावर, विकास सोसायटीचे सभासदत्व वडिलांचे, पीककर्जाच्या कागदावर सही वडिलांची, आणि शेतात राबणारा मुलगा पंचेचाळिशीला आलेला, अशी घरे गावोगाव आढळतात. असा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर एकाएकी कर्ता होतो, तेव्हा निर्णय घेण्याचा सराव त्याला मिळालेलाच नसतो. आणि चूक करण्याचे वय निघून गेलेले असते. शेतकऱ्याला निवृत्तीची तारीख नाही हे खरे, परंतु त्यामुळेच त्याने ती स्वतः ठरवणे आवश्यक ठरते. बागेच्या एका भागाचा निर्णय पाच वर्षे पूर्णपणे मुलावर किंवा मुलीवर सोपवून, नुकसान झाले तरी त्यात हात न घालणे, हे जैन परिभाषेतील अनुमतित्यागाचे शेतीतील रूप म्हणता येईल. येथे नियोजन या शब्दाला खरा अर्थ येतो, कारण दहावी पायरी एकदम चढता येत नाही, हेच तर प्रतिमांच्या क्रमाचे सांगणे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आरंभ, परिग्रह आणि अनुमती असे सारे सोडत गेल्यास माणूस निष्क्रिय होईल आणि समाज त्याच्या अनुभवाला मुकेल, असे म्हणता येईल. हा वाद भारतीय तत्त्वज्ञानात फार जुना आहे. आचार्य शंकरांच्या मते ज्ञान आणि कर्म एकाच पुरुषाच्या ठायी एकाच वेळी नांदू शकत नाहीत, म्हणून ज्ञाननिष्ठेची परिणती कर्मसंन्यासात होते. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच्या उलट बाजू मांडली आणि ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, कर्म आमरण केलेच पाहिजे असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, अमळनेर येथे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले आणि तेथे अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाला आश्रय मिळाला. बोरी नदीच्या काठचे एक गिरणीचे गाव देशभरातील तत्त्वचिंतकांचे ठिकाण व्हावे, हा खानदेशाच्या इतिहासातील फारसा न मिरवला गेलेला मान आहे.

या वादाला खानदेशातच आणखी एक उत्तर मिळाले, तेही तुरुंगात. सविनय कायदेभंगाच्या काळात धुळ्याच्या कारागृहात असताना विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि सहबंदी साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने टिपून घेतली. तीच पुढे गीता प्रवचने म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांतील कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कर्म म्हणजे स्वधर्मानुसार होणारी बाह्य क्रिया. विकर्म म्हणजे त्या क्रियेला मनाने आतून दिलेली जोड. आणि या दोहोंच्या संयोगातून कर्माचे ओझे नाहीसे होते ती अवस्था म्हणजे अकर्म. या दृष्टीने पाहता निवृत्ती आणि निष्क्रियता एक ठरत नाहीत. सोडायचे असते ते कामाचे ओझे आणि फळावरील हक्क, काम नव्हे. अनुमतित्याग हाही फळावरील हक्काचाच एक सूक्ष्म प्रकार सोडणे आहे, असे मानल्यास जैन आणि गीताप्रणीत विचारांतील अंतर बरेच कमी होते, जरी ते पूर्णपणे मिटत नाही. कारण जैन दृष्टीला कर्मातील हिंसा खुपते, तर गीतेच्या दृष्टीला कर्त्याचा अहंकार.

विनोबांचे पुढील आयुष्य हे याच सिद्धान्ताचे टप्प्याटप्प्याने केलेले आचरण होते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. सरकारी नोकर ज्या वयात निवृत्तीचे कागद गोळा करू लागतो, त्या वयात त्यांची सर्वात मोठी पदयात्रा सुरू झाली. ७ जून १९६६ रोजी त्यांनी स्थूल कार्यातून सूक्ष्मात प्रवेश करीत असल्याचे जाहीर केले आणि ७ ऑक्टोबर १९७० रोजी पवनार येथे क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे एकाच स्थानी राहण्याचे व्रत स्वीकारले. तरीही अनुमतीने त्यांची पाठ सोडली नाही. १९७५ च्या आणीबाणीत, ते मौनात असताना, महाभारतातील अनुशासनपर्वाच्या संदर्भात त्यांच्याकडून आलेले शब्द शासनाने आपल्या पाठिंब्यासाठी वापरले आणि त्यावरून त्यांच्यावर कठोर टीका झाली. त्यातील न्याय-अन्यायाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण ज्याने सारे सोडले त्याचीही संमती जगाला हवीच असते आणि ती दिल्यासारखी दिसली तरी पुरे होते, एवढे त्यातून निःसंशय दिसते. दहावी पायरी केवळ चढणाऱ्याच्या निश्चयावर अवलंबून नाही, भोवतालच्या माणसांनीही ती चढू दिली पाहिजे.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण निवृत्तीच्या प्रश्नाचे सर्वात सूक्ष्म विश्लेषण तेथून प्रकाशित झालेल्या एका ग्रंथात, त्या प्रश्नाचे नावही न घेता, आले आहे. बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरहून प्रसिद्ध झाला आणि शासकीय शिक्षणसेवेतून निवृत्त झाल्यानंतर काही काळ भट्टाचार्य या संस्थेचे संचालकही होते; तेथून ते कलकत्ता विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या मानाच्या अध्यासनावर गेले. विषयी म्हणजे जाणणारा आणि विषय म्हणजे जाणले जाणारे, असा भेद करून त्यांनी असे मांडले की विषयीचे स्वातंत्र्य ही वस्तू म्हणून हाती येणारी गोष्ट नाही. ज्याच्याशी आपण एकरूप झालो आहोत त्यापासून पायरीपायरीने वेगळे होत जाणे, हेच ते स्वातंत्र्य होय. या विलगीकरणाची सुरुवात देहापासून होते आणि ते मनोव्यापारांच्या पलीकडे जाते. निवृत्त माणसाच्या बाबतीत देहाच्याही बाहेर आणखी एक थर असतो, तो पदाचा. दारावरच्या पाटीवर नावापुढे ‘निवृत्त’ असे लिहून हुद्दा कायम ठेवण्याची रीत या थराची चिवटता सांगते. पद गेल्यावर जी पोकळी जाणवते, ती वस्तुतः स्वातंत्र्याची पहिली, अप्रिय चव असते. तिला आजार समजून लगेच दुसऱ्या पदाने, मग ते सोसायटीचे अध्यक्षपद असो वा मंदिराच्या विश्वस्ताचे, भरून काढणे म्हणजे ती संधी दवडणे होय. येथे पदरहित कामाची गोष्ट वेगळी आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांकडे हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. जुनी कागदपत्रे वाचणे, त्यांच्या याद्या करणे, मोडी लिप्यंतर करणे ही कामे ज्याला वेळ आहे आणि नावाची घाई नाही अशाच माणसाने करायची असतात.

वय वाढले की समज आपोआप वाढते, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे, आणि त्याचे खंडन करणारी कथा जळगाव जिल्ह्यातच तापी-पूर्णेच्या संगमावर दगडात उभी आहे. चांगदेव योगबळाने १४०० वर्षे जगले, असे परंपरा सांगते. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, कारण वयाने लहान असलेल्या पण ज्ञानाने थोर असलेल्या माणसाला कोणता मायना लिहावा हे त्यांना उमगेना. त्याला उत्तर म्हणून चांगदेव पासष्टी लिहिली गेली आणि अखेर त्यांना उपदेश केला तो चौदा-पंधरा वर्षांच्या मुक्ताबाईने. चांगदेवांची अडचण अज्ञानाची नव्हती, मायन्याची होती, म्हणजे ज्येष्ठतेची होती. मुक्ताबाईचे समाधिस्थान म्हणून मानली जाणारी मेहूण आणि कोथळी ही ठिकाणेही याच परिसरात आहेत आणि तेथून दरवर्षी निघणारी पालखी पंढरपूरची लांबची वाट चालते. त्या वारीत हजारो वृद्ध चालतात. त्यांच्यापैकी किती जण घरातील मुक्ताबाईचे ऐकतात, हा प्रश्न मात्र वारकरी संप्रदायानेच विचारायला हवा.

अनुमती सोडणे आणि मालमत्ता सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे, कारण यांची गल्लत अनेक वृद्धांच्या जिवावर बेतते. भावनेच्या भरात जिवंतपणी घर आणि शेत बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करून नंतर दुय्यम होण्याची वेळ आलेल्यांसाठीही आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा करावा लागला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळवण्याची तरतूद त्याच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणून बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहिणे हा अविश्वास नव्हे, व्यवहार आहे. धर्मग्रंथांनी परिग्रहत्याग अनुमतित्यागाच्या आधी ठेवला असला, तरी आजच्या गृहस्थाने हा क्रम उलटा करणे अधिक शहाणपणाचे आहे. मालकी मृत्युपत्रापर्यंत हाती ठेवावी, हुकूम मात्र आजच सोडावा. बहुतेक घरांत नेमके याच्या विरुद्ध घडते.

शेवटचा प्रश्न स्त्रियांचा आहे आणि परंपरेने तो जवळजवळ विचारलेलाच नाही. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहतो. मैत्रेयी विचारते की या धनाने अमृतत्व मिळेल काय, आणि त्यातून आत्मविद्येचा थोर संवाद घडतो. कात्यायनी त्यात नाही. तिला कोणी काही विचारले नाही, आणि याज्ञवल्क्य निघून गेल्यावर घर तिनेच सांभाळले असणार. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी निवर्तल्या. तरुणपणीच वैधव्य आल्यावर त्यांनी शेत आणि घर ओढले, आणि ज्या रचनांमुळे त्यांचे नाव अजरामर झाले त्या जात्यावर आणि शेतात काम करतानाच सुचलेल्या होत्या. त्यांना मिळालेली अंतर्दृष्टी कामाच्या आतून आली, हे गीतेच्या अकर्माचे उज्ज्वल उदाहरण म्हणून सांगता येते. पण त्या उदाहरणाच्या आड लपून कोणत्याही स्त्रीला विश्रांती नाकारणे ही लबाडी ठरेल. नवरा ५८ व्या वर्षी कार्यालयातून मोकळा होतो आणि त्याच दिवसापासून घरी दुपारच्या जेवणाचे आणि चहाचे एक माणूस वाढते, म्हणजे त्याची निवृत्ती ही तिच्या कामातील वाढ असते. जे कुटुंब निवृत्तीच्या नियोजनाला बसेल, त्याने निवृत्तिवेतनाचा कागद उघडण्यापूर्वी घरातील स्वयंपाकाची जबाबदारी कोणत्या तारखेपासून आणि कोणाकडे जाणार, हे आधी ठरवावे, आणि ते ठरवताना त्या घरातील कात्यायनीला विचारावे.